जीएनई जनुकाचा अहवाल: ६९६ आणि ७२७ हे दोन वेगळे दोष आहेत का?

नौपाडकर:

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या जनुकीय तपासणीचा अहवाल गेल्या आठवड्यात हाती आला. त्यावरून आमच्या घरात जो घोळ सुरू आहे तो सोडवायला कोणी जाणकार मदत करतील, या आशेने हा धागा काढत आहे.

भाऊ आता ३१ वर्षांचा आहे. साधारण चार वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या पायातली चप्पल चालताना आपोआप निसटायला लागली. तलावपाळीला फेरी मारायला गेलो की मागे वळून चप्पल घेणे हा त्याचा नेहमीचा उद्योग झाला होता आणि आम्ही सगळे त्यावर हसायचो. मग घरातल्या सरकत्या दाराच्या पट्टीला बोटे अडकू लागली. पाऊल टेकताना फटक असा आवाज येऊ लागला, इतका ठरावीक की तो जिन्यात आला हे आईला स्वयंपाकघरातून कळायचे. एका ठिकाणी कंबरेची चकती सरकल्याचे निदान झाले आणि दीड वर्ष पट्टा, शेक आणि व्यायाम यांत गेले. त्या काळात तो जमिनीवरच्या पाटावरून हात न टेकता उठत होता, त्यामुळे ‘मांडीत एवढी ताकद आहे म्हणजे स्नायूंचा आजार नाही’ असे आम्हाला सांगण्यात आले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला फक्त टाचांवर चार पावले चालायला सांगितले. त्याला एकही टाकता आले नाही, आणि तिथून तपासणीची दिशा बदलली.

अहवालात जीएनई या जनुकात दोन बदल दाखवले आहेत. त्यांतला एक ७२७ क्रमांकाच्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन (ही प्रथिने घडवणारी अमायनो आम्ले) असा आहे. आमच्या नेरूळच्या मावसबहिणीला बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच पायांचा त्रास निघाला होता. तिच्या जुन्या अहवालात जीएनई हेच नाव आहे, बदलही व्हॅलिनऐवजी मेथिओनिन हाच आहे, पण क्रमांक ६९६ आहे, आणि आजाराचे नावसुद्धा निराळे, लांबलचक लिहिले आहे. त्यामुळे नातेवाइकांनी परस्पर निर्णय देऊन टाकला की दोघांचे दोष वेगळे, आजार वेगळे, सबब घराण्यात काही नाही. मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. मी स्वतः ४१ वर्षांची आहे आणि मला १४ वर्षांची मुलगी आहे. हे जनुक करते तरी काय, हे दोन आकडे वेगळे की एकच, आणि माझ्या मुलीची काळजी मी करावी का, असे माझे तीन प्रश्न आहेत.

सानपाडा_सकाळ:

ताई, वाचून वाईट वाटले. चप्पल निसटण्याची गोष्ट माझ्या एका सहकाऱ्याकडूनही ऐकली होती, पण त्याचे कारण मधुमेहामुळे झालेले नसांचे दुखणे निघाले. येथील ऐरोलीचे मास्तर जीवरसायनशास्त्र शिकवत असत. ते या धाग्यावर येतील तर बरे होईल.

ऐरोलीचे_मास्तर:

आलो आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण ते समजले की बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

पेशीत तयार होणाऱ्या अनेक प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवल्या जातात, आणि या क्रियेला ग्लायकोसिलेशन म्हणतात. या साखळ्यांच्या अगदी टोकाला पुष्कळदा सायलिक आम्ल नावाची एक नऊ कार्बनची साखर बसलेली असते. स्वीडनचे गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये ती लाळेतल्या चिकट प्रथिनांतून वेगळी केली, म्हणून तिचे नावही लाळेच्या ग्रीक शब्दावरून पडले. तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. रक्तातल्या अनेक प्रथिनांच्या टोकाची ही साखर गळून पडली, तर यकृत ते प्रथिन जुने झाले असे समजून रक्तातून उचलून घेते. फ्लूचा विषाणू आपल्या पेशीला धरतो तोही याच साखरेला, हे जाता जाता सांगतो.

ही साखर शरीर स्वतः बनवते, आणि बनवण्याची सुरुवात जीएनई जनुकाने घडवलेल्या एन्झाइमपासून होते. हे जनुक नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. त्यापासून होणारे प्रथिन एकच असले तरी कामे दोन करते. आपल्याकडच्या गिरणीच्या गाळ्यात एका अंगाला दळण आणि दुसऱ्या अंगाला मिरची कांडप असते, तसे या प्रथिनाचे दोन भाग आहेत. पुढचा भाग यूडीपी-एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन या कच्च्या मालातला यूडीपी हा गट काढून टाकतो आणि साखरेच्या दुसऱ्या कार्बनवरचा गट एका बाजूचा दुसऱ्या बाजूला फिरवतो, म्हणजे एन-ॲसिटिलमॅनोसामाइन तयार होते. मागचा भाग त्याच साखरेच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट चढवतो. त्यापुढची कामे दुसरी एन्झाइमे करतात, शेवटी सायलिक आम्लाला सीएमपी नावाचा गट जोडला जातो आणि तो माल पेशीतल्या गॉल्जी पिंडात जाऊन साखळ्यांच्या टोकांना लागतो.

यातली गंमत अशी की शेवटचा माल साठला की तोच परत येऊन जीएनईच्या पुढच्या भागाला अडवतो, म्हणजे उत्पादन गरजेपुरतेच राहते. ज्यांच्यात नेमका हा लगाम बिघडतो, त्यांच्या शरीरात सायलिक आम्ल भरमसाट बनून लघवीतून वाहते. तो सायलुरिया नावाचा अगदी निराळा आणि अतिदुर्मीळ आजार आहे, आणि त्याला जनुकाची एकच प्रत बिघडलेली पुरते. आपल्या भावाच्या बाबतीत प्रकार उलटा आहे. दोन्ही प्रतींत एकेक बदल आहे आणि एन्झाइमचे काम मंदावले आहे. मंदावले आहे असेच मी म्हणतो, बंद पडले आहे असे नाही. ज्या उंदरांमध्ये हे जनुक संपूर्ण काढून टाकले, त्यांची पिल्ले गर्भातच मेली, यावरून या एन्झाइमशिवाय शरीर उभेच राहू शकत नाही असे दिसते. आपल्या भावाला पंचविशी ओलांडेपर्यंत काही जाणवले नाही, ते उरलेल्या कामाच्या बळावर.

कोपरखैरणे_हिशेबनीस:

मी जीवशास्त्रातला नाही, आयुष्यभर बँकेत खाती जुळवली. ताई, दोन्ही अहवालांत त्या बदलाशेजारी आणखी एक मोठा आकडा असेल, जनुकातल्या अक्षराचा. तो इथे लिहाल का? मला एक शंका आहे.

नौपाडकर:

होय. भावाच्या अहवालात २१७९ या जागी जीऐवजी ए असे लिहिले आहे. ताईच्या जुन्या अहवालाचा फोटो मागवला, त्यात २०८६ या जागी जीऐवजी ए असे आहे.

कोपरखैरणे_हिशेबनीस:

मग हिशेब जुळला. २१७९ मधून २०८६ वजा केले तर ९३ उरतात. ७२७ मधून ६९६ वजा केले तर ३१ उरतात. एका अमायनो आम्लासाठी तीन अक्षरे लागतात एवढे शाळेत शिकलो होतो, आणि ३१ त्रिक ९३. दोन्ही अहवाल एकाच ओळीबद्दल बोलत आहेत, फक्त एकाने मोजणी ३१ घरे अलीकडून सुरू केली आहे. ही मोजणी का बदलली हे मास्तरांनी सांगावे, पण दोन वेगळ्या नोंदींमध्ये असा तंतोतंत फरक योगायोगाने येत नाही.

ऐरोलीचे_मास्तर:

हिशेबनीसांना नमस्कार. आम्ही शास्त्रातली माणसे जे संदर्भ शोधत बसलो असतो, ते तुम्ही वजाबाकीने केले. कारण असे आहे. जीएनई जनुकापासून एकापेक्षा जास्त लांबीची प्रथिने बनतात. आरंभी जे प्रथिन प्रमाण मानले होते ते ७२२ अमायनो आम्लांचे होते. पुढे त्याहून लांब, ७५३ अमायनो आम्लांचे रूप समजले, ज्याच्या सुरुवातीलाच ३१ जादा आहेत. २०१४ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकत्र येऊन ठरवले की यापुढे मोजणी लांब रूपावरूनच करायची आणि आजाराला जीएनई मायोपथी (मायोपथी म्हणजे स्नायूंचा आजार) हे एकच नाव वापरायचे. तोवर याला नोनाका मायोपथी, दूरस्थ स्नायूंची रिक्तिकायुक्त मायोपथी, आनुवंशिक समावेशी मायोपथी अशी तीन-चार नावे होती, कारण जपानमध्ये नोनाका यांनी १९८१ मध्ये आणि इस्राएलमध्ये अर्गोव्ह व यारोम यांनी १९८४ मध्ये तो स्वतंत्रपणे वर्णिला होता. दोन्ही ठिकाणचा आजार एकाच जनुकाचा आहे हे २००१ मध्ये जनुक सापडल्यानंतर स्पष्ट झाले. आपल्या ताईंचा अहवाल २०१४ च्या आधीचा आहे, म्हणून नावही जुने आणि क्रमांकही जुना.

अक्षरांचाही मेळ बसतो. ७२६ त्रिक २१७८, म्हणजे २१७९ वे अक्षर हे तीन अक्षरांच्या ७२७ व्या शब्दाचे पहिले अक्षर झाले. तिथे जीटीजी होते, म्हणजे व्हॅलिन. पहिला जी जाऊन ए आला की एटीजी होते, म्हणजे मेथिओनिन. हा बदल प्रथिनाच्या मागच्या, फॉस्फेट चढवणाऱ्या भागात पडतो. भारतीय रुग्णांमध्ये तो वारंवार आढळणारा, पूर्वापार चालत आलेला बदल म्हणून ओळखला जातो. इराणी मूळ असलेल्या ज्यूंमध्ये ७४३ व्या जागेवरचा बदल असाच ठळक आहे. तोसुद्धा जुन्या लेखांत ७१२ म्हणून सापडेल, वजाबाकी करून पाहावी.

घोडबंदर_१:

सर्वांचा आदर राखून विचारतो, या आकड्यांचा रुग्णाला उपयोग काय? आजारावर औषध नाही असे सांगतात. मग ६९६ म्हटले काय आणि ७२७ म्हटले काय, पाय तर उचलत नाहीच.

वाशी_समुपदेशक:

मी नवी मुंबईत जनुकीय समुपदेशनाचे काम करते. उपयोग आहे, आणि तो घोडबंदरकरांना वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

घरात नेमके कोणते बदल आहेत हे ठाऊक असले, की इतर नातेवाइकांचे संपूर्ण जनुक पुन्हा वाचावे लागत नाही, फक्त त्या दोन जागा तपासल्या तरी चालते. ती तपासणी पुष्कळ स्वस्तात आणि लवकर होते. पण त्या वेळी प्रयोगशाळेला जुना क्रमांक दिला आणि त्यांनी तो नव्या मोजणीने वाचला, तर ते भलत्याच जागी पाहून ‘बदल नाही’ असे लिहून देण्याची शक्यता असते. म्हणून मूळ अहवालाची प्रत सोबत द्यावी, तोंडी आकडा सांगू नये.

नौपाडकर ताई, आता तुमचा तिसरा प्रश्न. हा आजार होण्यासाठी आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या याव्या लागतात. तुमच्या आईवडिलांकडे प्रत्येकी एक बिघडलेली प्रत आहे, त्यांना स्वतःला काही त्रास नाही, म्हणजे ते वाहक आहेत. त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक होती. तुम्हाला आजार नाही असे धरले, तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता तीनात दोन उरते, कारण चार शक्यतांपैकी आजाराची एक वगळली की राहिलेल्या तिन्हींतल्या दोन वाहकाच्या असतात. तुम्ही वाहक निघालात तरी मुलीला आजार तेव्हाच होऊ शकतो, जेव्हा तुमचे यजमानही वाहक असतील. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी तुमची तपासणी, तुम्ही वाहक असाल तरच यजमानांची. मुलीची तपासणी आत्ता करू नये. प्रौढपणी सुरू होणाऱ्या आणि आज ज्यावर बालपणी करण्यासारखे काही नाही अशा आजारासाठी निरोगी अल्पवयीन मुलांची तपासणी करत नाहीत. अठरा वर्षांनंतर जाणून घ्यायचे की नाही, हे तिने ठरवायचे.

एक प्रश्न मला विचारावासा वाटतो. मावसबहिणीचा दुसरा बदलही तुमच्या भावासारखाच आहे का?

नौपाडकर:

नाही, तो वेगळा आहे. क्रमांकांत ३१ चा फरक धरूनही जुळत नाही. याच मुद्द्यावर मामा अडून बसले आहेत.

वाशी_समुपदेशक:

मामांना असे सांगा. ७२७ चा बदल तुमच्या आईला आणि मावशीला एकाच घरातून, म्हणजे तुमच्या आजोबा-आजींपैकी एकाकडून आला असण्याची शक्यता फार मोठी आहे. दुसरा बदल तुमच्या वडिलांकडून भावाला आणि मावशीच्या यजमानांकडून मावसबहिणीला आला. ते दोघे वेगळ्या घरांतले आहेत, म्हणून ते बदल वेगळे. दोन घरांत दोन वेगळे जावई आणि दोघांकडे या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत, हा योगायोग वाटतो खरा, पण लहान समाजात पिढ्यान् पिढ्या आपापसांत लग्ने होत राहिली की असे योगायोग वाढतात. आणि मामा स्वतः त्याच आईवडिलांचे अपत्य असल्याने हा बदल त्यांच्याकडे असण्याची शक्यता निम्मी आहे. ‘घराण्यात काही नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना तपासणीनंतरच मिळेल. हे वाक्य मामांसमोर कसे मांडायचे ते मात्र तुम्ही पाहा.

सानपाडा_सकाळ:

एक भाबडा प्रश्न विचारते. शरीर सायलिक आम्ल कमी बनवत असेल, तर ते बाहेरून देता येत नाही का? एका समाजमाध्यमावर वाचले की चिनी लोक पाकोळ्यांच्या घरट्याचे सूप पितात, त्यात ते भरपूर असते.

ऐरोलीचे_मास्तर:

प्रश्न भाबडा नाही, संशोधकांनी नेमका हाच मार्ग धरला होता. जपानमध्ये २००९ मध्ये हा आजार असलेल्या उंदरांना लक्षणे येण्याआधीपासून सायलिक आम्ल दिले, तेव्हा त्यांचे स्नायू वाचले. माणसांत अडचण अशी आली की तोंडावाटे घेतलेले सायलिक आम्ल मूत्रपिंडातून फार झटपट बाहेर पडते. म्हणून हळूहळू विरघळणारी गोळी तयार केली. तिची मोठी चाचणी २०१७ मध्ये संपली, आणि हातांच्या ताकदीत औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात ठोस फरक दिसला नाही. ती चाचणी घेणाऱ्या कंपनीने काम थांबवले. जपानमध्ये मात्र वेगळ्या चाचण्या चालू राहिल्या आणि तिथे २०२४ मध्ये या औषधाला मंजुरी मिळाली. दुसरा प्रयत्न एन-ॲसिटिलमॅनोसामाइन देण्याचा आहे, म्हणजे अडलेली पहिली पायरी ओलांडून पुढचा माल थेट पुरवायचा. त्याच्या चाचण्या अमेरिकेत झाल्या आहेत.

घरट्याच्या सुपाबद्दल एवढेच सांगतो की त्यातले सायलिक आम्लही पोटात गेल्यावर त्याच मूत्रपिंडांतून जाणार आहे. त्या किमतीत पायाचे चांगले आधारसाधन येईल. मुळात सायलिक आम्लाची उणीव हे स्नायू झिजण्याचे एकमेव कारण आहे का, यावरच संशोधकांत मतभेद आहेत. औषधांचे निकाल असे अर्धवट का येतात, त्याचे उत्तर तिथे असावे असे माझे मत आहे.

नेरूळ_पूर्व:

मी ती मावसबहीण. नौपाडकरने मला दुवा पाठवला. रात्री दोनदा वाचला.

बारा वर्षे मी माझ्या आजाराचे जुने नाव पाठ करून सांगत आले, आणि प्रत्येक नवीन डॉक्टर ते नाव शोधताना अडखळत असे. नाव बदलले आहे हे मला आज कळले. हिशेबनीस काका, तुमची वजाबाकी मी माझ्या दुसऱ्या बदलावरही करून पाहिली, नव्या मोजणीतला क्रमांक पेन्सिलीने अहवालाच्या कडेला लिहून ठेवला आहे.

घोडबंदरकरांनी विचारले की उपयोग काय. मला पहिली पाच वर्षे कोणीतरी ‘ताकद यावी म्हणून’ जड व्यायाम सांगत असे, कारण मांड्या भक्कम होत्या. या आजारात मांडीच्या पुढचे चतुःशिरस्क स्नायू शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकतात, आणि पोटरीच्या पुढचे, पाऊल वर उचलणारे स्नायू आधी जातात. मी थकेपर्यंत व्यायाम करायची आणि मग दोन दिवस पडून राहायची. नेमके नाव कळल्यावर ते थांबले. आता मी मोजका व्यायाम करते.

भावाला सांगायच्या दोन गोष्टी आहेत. पोटरीमागून तळव्याखाली जाणारी प्लास्टिकची पट्टी त्याने आत्ताच मापाची करून घ्यावी, पडल्यावर नव्हे. मी तीन वर्षे लाजेपोटी टाळली आणि ठाणे स्थानकाच्या जिन्यावर मनगट मोडून घेतले. पट्टी बसण्यासाठी बूट एक माप मोठा लागतो आणि दुसरा पाय त्यात सैल पडतो, म्हणून दुसऱ्या बुटात जाड आतला तळ घालावा. दुसरे म्हणजे लोकलने जायचे असेल तर दिव्यांगांच्या डब्यासाठी प्रमाणपत्र काढून ठेवावे. मी ट्रान्स-हार्बरने वाशीला नोकरीला जात असे, तेव्हा ‘चालते आहे की चांगली’ असे डब्यातच ऐकावे लागायचे. मागच्या तीन वर्षांपासून चाकांची खुर्ची आहे, ते ऐकणे थांबले.

घोडबंदर_१:

ताई, माझा प्रश्न तोडून विचारल्यासारखा झाला, क्षमस्व. उत्तर मिळाले.

कोपरखैरणे_हिशेबनीस:

नेरूळच्या ताई, तुमचा दुसरा आकडा बदलताना अमायनो आम्लाच्या क्रमांकात ३१ मिळवायचे आणि अक्षराच्या क्रमांकात ९३, एवढे तपासून पाहा. घाईत लोक दोन्हीकडे ३१ मिळवतात.

नेरूळ_पूर्व:

अक्षराच्या आकड्यात ३१ च मिळवले होते. खोडून दुरुस्त केले.

नौपाडकर:

सर्वांचे आभार मानते. काल मामांना दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वजाबाकी दाखवली. त्यांनी दोनदा स्वतः कॅल्क्युलेटरवर केली, मग काही न बोलता चहा मागितला. माझे रक्त पुढच्या सोमवारी देणार आहे, मूळ अहवालाची प्रत सोबत नेणार आहे. भावाच्या पायाचे माप आज घेतले आहे. बुटाचे माप त्याचे आठ आहे, नऊ आणायचा आहे.